एप्रिलच्या आकड्यांचे वजन: मायनर लीगमधील फलंदाजांच्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

अमेरिकी बेसबॉलच्या मायनर लीगमधील, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेखालच्या पातळ्यांवरील, फलंदाजाने हंगामाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत केलेल्या कामगिरीला किती वजन द्यावे, यावर दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस तोच वाद नव्याने उभा राहतो. एका बाजूला ‘नमुना लहान आहे’ एवढे म्हणून विषय मिटवणारे असतात, तर दुसऱ्या बाजूला अमुक आकडा अमुक वेळा फलंदाजीला आल्यानंतर ‘स्थिर’, म्हणजे भरवशाचा, होतो अशी यादी पुढे करून निकाल देणारे असतात. दोन्ही भूमिकांना इतिहास आहे. त्यातील दुसऱ्या भूमिकेचा इतिहास अधिक बारकाईने तपासायला हवा, कारण ज्या यादीच्या आधारे आज एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांविषयी मत बनवले जाते, ती यादी मुळात त्यांच्यासाठी तयारच झाली नव्हती.

शाखा-संघांची म्हणजे फार्म संघांची व्यवस्था १९२०च्या दशकात सेंट लुईसच्या नॅशनल लीग संघाने उभी केली. त्याआधी मायनर लीगचे संघ स्वतंत्र होते, खेळाडू वरच्या संघांना विकून ते पैसा उभा करत, आणि फलंदाजाच्या सरासरीवर त्याची किंमत ठरत असे. शाखा-संघ आल्यावर सामन्याचा हेतूच बदलला. जिंकणे दुय्यम ठरले आणि खेळाडू घडवणे मुख्य झाले. एप्रिलच्या आकड्यांशी याचा थेट संबंध आहे. हिवाळ्यात बॅट फिरवण्याची पद्धत बदललेला किंवा प्लेटबाहेर (फलंदाजासमोरच्या पट्टीबाहेर) वळून जाणारे स्लायडर चेंडू सोडण्याचा सराव करण्यास सांगितलेला फलंदाज हंगामाच्या सुरुवातीला अनेकदा अडखळतो आणि संघाने ते अडखळणे आधीच हिशेबात धरलेले असते. आकड्यांच्या तक्त्यात यातले काहीही दिसत नाही. १९६३मध्ये खालचे बी, सी आणि डी हे वर्ग मोडून ट्रिपल-ए, डबल-ए, ए आणि रूकी अशी आजच्या ओळखीची उतरंड तयार झाली, तरी मूल्यमापनाची साधने बराच काळ दोनच राहिली: बॅटिंग अ‍ॅव्हरेज (फलंदाजीच्या मोजलेल्या पाळ्यांपैकी, म्हणजे अ‍ॅट-बॅटपैकी, किती पाळ्यांत यशस्वी फटका किंवा हिट लागला ते प्रमाण) आणि २० ते ८० या मोजपट्टीवर गुण देणाऱ्या स्काउटची नजर.

हंगामाच्या सुरुवातीच्या आकड्यांकडे गणिताच्या शिस्तीने पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मेजर लीगच्या आकड्यांवर झाला. अमेरिकेतील दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७०च्या हंगामातील १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ अ‍ॅट-बॅट घेतल्या आणि त्यांवरून उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधला. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून हे काम प्रसिद्ध होत गेले. त्यांनी प्रत्येक फलंदाजाची सरासरी जशीच्या तशी न स्वीकारता ती सर्व अठरा जणांच्या सामाईक सरासरीकडे, म्हणजे ०.२६५कडे, ओढून घेतली. ही ओढ सौम्य नव्हती, कारण स्वतःच्या कामगिरीला जेमतेम एक पंचमांश वजन मिळत होते. पहिल्या ४५मध्ये १८ हिट्स मारून ०.४००वर असलेल्या पिट्सबर्गच्या प्रख्यात उजव्या फील्डरचा अंदाज त्यामुळे ०.२९४पर्यंत खाली आला. उरलेल्या हंगामात तो ०.३४६ने खेळला, म्हणजे त्याच्यापुरता अंदाज बराच चुकला. परंतु अठराही जणांची मिळून होणारी चूक मूळ सरासरी वापरण्याच्या तुलनेत साडेतीन पटींनी कमी झाली. या निकालातील दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात. पद्धत समूहासाठी उत्तम ठरते आणि समूहातील खरोखर असामान्य माणसावर ती अन्याय करते. मायनर लीगमध्ये शोध असतो तो नेमक्या त्या असामान्य माणसाचा, आणि हीच या विषयातली मूळ अडचण आहे.

१९८५मध्ये एका स्वतंत्र विश्लेषकाने मायनर लीगच्या आकड्यांचे मेजर लीगच्या आकड्यांत रूपांतर करण्याची रीत मांडली. मैदान, लीग आणि पातळी यांची वजाबाकी केली, तर मायनर लीगमधील फलंदाजी मेजर लीगमधील फलंदाजीइतकीच भाकीतक्षम असते, हा त्याचा दावा तेव्हा अनेकांना अतिशयोक्त वाटला, पण कालांतराने तो बहुतांशी मान्य झाला. मात्र ही रीत पूर्ण हंगामासाठी होती. तीन आठवड्यांच्या आकड्यांना ती लावण्याचा मोह पुढे झाला, तेव्हा एका नव्या साधनाची गरज भासली.

ते साधन २००७मध्ये आले आणि आजचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मानसशास्त्रातील चाचण्यांची विश्वासार्हता तपासण्याची पद्धत एका विश्लेषकाने फलंदाजीला लावली. एखाद्या फलंदाजाच्या प्लेट अपिअरन्सचे (फलंदाजीला येण्याच्या सर्व पाळ्यांचे) दोन सारखे भाग करायचे, असे अनेक फलंदाजांच्या बाबतीत करायचे, आणि दोन भागांतील आकडे एकमेकांशी किती जुळतात ते पाहायचे. किती प्लेट अपिअरन्सनंतर हा सहसंबंध ०.७पर्यंत पोहोचतो, ती संख्या त्या आकड्याचा उंबरठा मानली गेली. ०.७चा वर्ग सुमारे ०.४९ येतो, म्हणजे तिथे कौशल्याचा वाटा योगायोगाच्या वाट्याच्या बरोबरीला येतो, असे त्यामागचे समर्थन होते. पहिल्या यादीत स्ट्राइकआउटच्या (तीन स्ट्राइकवर बाद होण्याच्या) प्रमाणाला १५०, वॉकच्या (चार बाहेरचे चेंडू सोडून पहिला बेस मिळवण्याच्या) प्रमाणाला २०० आणि होम रनच्या (सहसा चेंडू कुंपणापार मारण्याच्या) प्रमाणाला ३०० प्लेट अपिअरन्स लागत होत्या. २०१२मध्ये गणिताचे सूत्र बदलून तेच काम पुन्हा झाले, तेव्हा हे आकडे अनुक्रमे ६०, १२० आणि १७० झाले. मैदानात मारलेल्या चेंडूंवरच्या सरासरीला, म्हणजे बॅबिपला, मात्र असे ८२० चेंडू लागतात असे दिसले, आणि साध्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजला ९१० अ‍ॅट-बॅट. मायनर लीगमधील नियमित खेळाडूलाही एका हंगामात एवढ्या अ‍ॅट-बॅट मिळत नाहीत.

या यादीने मोठे काम केले, यात शंका नाही. एप्रिलमध्ये बॅटिंग अ‍ॅव्हरेजकडे पाहू नये, स्ट्राइकआउट आणि वॉककडे पाहावे, हा साधा विवेक तिने सर्वदूर पोहोचवला. पण तिच्या सोबत ‘स्थिर होणे’ हा शब्दप्रयोगही पोहोचला आणि त्याने तितकेच नुकसान केले असे माझे मत आहे. वाचकांनी उंबरठ्याचा अर्थ दरवाजासारखा घेतला: ५९व्या प्लेट अपिअरन्सपर्यंत काहीच कळत नाही आणि ६१व्यानंतर सर्व कळते. वास्तविक विश्वासार्हता पहिल्या प्लेट अपिअरन्सपासून हळूहळू वाढत जाते आणि ६०च्या आकड्यापाशी तिच्यात कोणतीही उडी नसते. दुसरा वाद खुद्द ०.७बद्दलचा होता. टीकाकारांचे म्हणणे असे की, सहसंबंध ०.७ असेल तर अंदाज बांधताना फलंदाजाच्या स्वतःच्या आकड्याला ७० टक्के आणि लीगच्या सरासरीला ३० टक्के वजन द्यायचे असते. म्हणून निम्मे-निम्मे वाटे जिथे होतात तो बिंदू ०.५ आहे, आणि उंबरठाच हवा असेल तर तो तिथे धरावा. गणित टीकाकारांच्या बाजूने आहे. तरीही ०.७ची यादी टिकली, कारण ती आधी आली होती आणि तोंडपाठ झाली होती. २००७चे आणि २०१२चे आकडे आजही अनेकदा एकमेकांत मिसळून, कोणत्या वर्षाचे ते न सांगता वापरले जातात.

एक उदाहरण करून पाहिले तर फरक स्पष्ट होतो. समजा, डबल-एमधील एका फलंदाजाने ६० प्लेट अपिअरन्समध्ये २१ वेळा स्ट्राइकआउट पत्करला, म्हणजे ३५ टक्के, आणि लीगची सरासरी २३ टक्के आहे. २०१२ची यादी मान्य केली तर त्याचा रास्त अंदाज ३५ नव्हे, तर सुमारे ३१ टक्के येतो. तो चिंताजनकच आहे, पण निकाल लागल्यासारखा नाही. दुसऱ्या एका फलंदाजाने मैदानात मारलेल्या ६० चेंडूंपैकी २५ हिट्स झाले असतील, तर त्याचा बॅबिप ०.४१७ दिसतो. त्याच यादीच्या हिशेबाने ६० चेंडूंना जेमतेम १५ टक्के वजन मिळते, आणि लीगची सरासरी ०.३०० धरली तर अंदाज ०.३१७च्या आसपास येतो. एप्रिलच्या मथळ्यांत झळकणारी बहुतेक ०.३८०ची सरासरी या एका वजाबाकीत विरघळते.

पण हा हिशेब करताना ‘लीगची सरासरी’ हे शब्द सहज लिहिले जातात, आणि मायनर लीगमध्ये तेच सर्वांत निसरडे आहेत. मूळ अभ्यास मेजर लीगमध्ये पुरेसा काळ टिकलेल्या, म्हणजे आधीच गाळून आलेल्या फलंदाजांवर झाला. खालच्या पातळ्यांवर कौशल्यातील तफावत अधिक असते, त्यामुळे काही आकडे त्या यादीपेक्षा लवकर बोलू लागतात. त्याच वेळी एकोणीस वर्षांच्या मुलाचे कौशल्य काही महिन्यांत बदलते, त्यामुळे एप्रिलमध्ये नेमके मोजले गेलेले कौशल्यही ऑगस्टमध्ये तेच राहील याची हमी नसते. शिवाय एकाच डबल-ए लीगमध्ये विशीतले पहिले पाऊल टाकणारा आणि तीच पातळी तिसऱ्यांदा खेळणारा सव्वीस वर्षांचा फलंदाज शेजारी शेजारी उभे असतात. दोघांना एकाच सरासरीकडे ओढणे चुकीचे आहे. वय आणि पातळीवरचा अनुभव हे या हिशेबाचे अलंकार नसून त्याचा पाया आहेत, आणि एप्रिलमध्ये, जेव्हा स्वतःच्या कामगिरीला कमी वजन असते तेव्हा, हा पायाच बहुतांश उत्तर ठरवतो.

मैदाने आणि हवामान यांचा प्रश्न जुना आहे. समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांहून उंच असलेल्या अल्बुकर्कीमध्ये चेंडू विरळ हवेतून लांब जातो, तर मिशिगन आणि विस्कॉन्सिनमधील एप्रिलच्या थंड रात्री तोच फटका कुंपणाच्या आत पडतो. पाटा खेळपट्टीवरचे शतक वाचताना रणजीचा जाणकार प्रेक्षक मनातल्या मनात जी वजाबाकी करतो, तीच इथे करावी लागते. फरक इतकाच की पहिल्या महिन्यात घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांचा समतोलही झालेला नसतो.

२०२१च्या पुनर्रचनेने या जुन्या प्रश्नात एक नवा आणि दुर्लक्षित पदर घातला. कोविडच्या साथीमुळे २०२०चा संपूर्ण हंगाम रद्द झाल्यानंतर मेजर लीगच्या प्रशासनाने मायनर लीगचा कारभार थेट हाती घेतला, संलग्न संघ सुमारे १६०वरून १२०वर आणले, आणि मंगळवार ते रविवार अशा सहा सामन्यांच्या मालिका सुरू केल्या. प्रवास कमी झाला, हे खरे. पण त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस फलंदाजाने अवघ्या चार संघांचे पिचर (चेंडू फेकणारे खेळाडू) पाहिलेले असतात आणि त्यांतील सामन्याची सुरुवात करणारा एखादा पिचर एकाच आठवड्यात दोनदा. शंभर प्लेट अपिअरन्स दिसायला शंभर असतात, पण त्या एकमेकींपासून तितक्या स्वतंत्र नसतात. चारपैकी दोन संघांकडे उत्तम पिचर असतील, तर सरासरीकडे ओढण्याचे कोणतेही सूत्र ती गोष्ट आपणहून ओळखत नाही. जूनमध्ये सुरू होणाऱ्या लघु-हंगामी लीगही याच पुनर्रचनेत संलग्न व्यवस्थेतून गेल्या, त्यामुळे पूर्वी जूनपर्यंत सराव शिबिरात राहणारी काही मुले आता एप्रिलपासूनच पूर्ण हंगामाच्या लीगमध्ये दिसतात.

याहून गंभीर बाब नियमांच्या प्रयोगांची आहे. मायनर लीग ही मेजर लीगची प्रयोगशाळा बनली, आणि प्रयोगांची सुरुवात बहुधा हंगामाच्या सुरुवातीलाच होते. २०१९मध्ये ट्रिपल-एच्या दोन्ही लीगमध्ये मेजर लीगचा चेंडू आणला गेला आणि तिथले होम रन आदल्या वर्षाच्या दीडपटीहून अधिक झाले; डबल-एमध्ये मात्र जुनाच चेंडू राहिला. त्या एप्रिलमध्ये डबल-एमधून वर आलेल्या अनेक फलंदाजांना एकाएकी ताकद आल्याचे लिहिले गेले. ती ताकद बऱ्याच अंशी चेंडूची होती. २०२३च्या पहिल्या सत्रात डबल-एच्या सदर्न लीगमध्ये आधीच चिकट केलेला चेंडू वापरला गेला, स्ट्राइकआउट वाढले, आणि सत्र संपल्यावर तो प्रयोग थांबवला गेला. ज्या आकड्याला ६० प्लेट अपिअरन्स पुरतात असे सांगितले जाते, तोच आकडा त्या लीगमध्ये चेंडूने फुगवलेला होता. त्याच वर्षी ट्रिपल-एमध्ये आठवड्याच्या पहिल्या तीन सामन्यांत चेंडू स्ट्राइक आहे की नाही हे यंत्र ठरवत असे आणि शेवटच्या तीन सामन्यांत पंच ठरवत असे, फक्त त्याच्या निर्णयाला आव्हान देता येत असे. वॉकचे प्रमाण वाढले. मागील वर्षाच्या सरासरीशी तुलना करणाऱ्यांना तिथे एका रात्रीत संयमी फलंदाजांची पिढी उगवल्यासारखे वाटले असेल. म्हणून तुलना त्याच लीगशी, त्याच महिन्याशी आणि त्याच नियमांशी करावी. आदल्या वर्षाचा तक्ता इथे दिशाभूल करतो.

अलीकडच्या काही वर्षांत लक्ष फळाकडून फटक्याकडे वळले आहे. मेजर लीगमध्ये २०१५पासून प्रत्येक फटक्याचा वेग मोजला जातो, आणि २०२३पासून ट्रिपल-एच्या सर्व मैदानांवरील ही मोजमापे सार्वजनिक झाली आहेत. खालच्या ए पातळीवरील फ्लोरिडा स्टेट लीगची त्याआधीपासून उपलब्ध होती. फटक्याच्या वेगाला क्षेत्ररक्षक अडवत नाही, म्हणून तो कमी चेंडूंत अधिक सांगतो. ताशी ११२ मैलांचा एकच फटकाही त्या शरीरात तेवढी ताकद आहे हे सिद्ध करतो, मग त्या दिवशी तो चेंडू थेट फील्डरच्या हातात का गेलेला असेना. स्ट्राइक झोनबाहेरच्या, म्हणजे सोडून द्यायच्या, चेंडूंवर फलंदाज किती वेळा बॅट फिरवतो, हेही काही आठवड्यांत बऱ्यापैकी स्पष्ट होते, कारण त्याची मोजणी प्लेट अपिअरन्सवर नव्हे, तर प्रत्येक चेंडूवर होते. ट्रिपल-एमधील फलंदाजाविषयी एप्रिलमध्ये बोलताना या दोन गोष्टी न पाहता सरासरी सांगणे आता समर्थनीय राहिलेले नाही.

डबल-ए आणि हाय-एची (ए वर्गातील वरच्या पातळीची) स्थिती वेगळी आहे. तिथलीही मोजमापे होतात, पण ती संघांपुरती राहतात. बाहेरच्या वाचकाला ती मिळत नाहीत. मेजर लीगच्या उंबरठ्यावर नेणारी खरी चाळणी डबल-एमध्येच होते असे जाणकार मानतात, आणि नेमक्या त्या पातळीवर सार्वजनिक चर्चेला अजूनही स्ट्राइकआउट, वॉक, वय, चार प्रतिस्पर्धी संघांची यादी आणि त्या महिन्याची लीगची सरासरी एवढ्यावरच काम भागवावे लागते.