सागरतळावरील चुंबकीय पट्टे आणि भूपट्ट सिद्धांत

सागरतळावरील चुंबकीय पट्टे : महासागराच्या तळाशी असलेल्या बेसाल्ट खडकात मध्य-सागरी पर्वतरांगेला समांतर पसरलेले, आलटून-पालटून सुलट (आजच्या क्षेत्राच्या दिशेने) आणि उलट दिशेने चुंबकित झालेले लांबच लांब पट्टे. रांगेच्या दोन्ही बाजूंना त्यांचा क्रम व रुंदी साधारण सारखी असते. सागरतळ रांगेपाशी नव्याने तयार होतो आणि दोन्हीकडे सरकत जातो, हे या पट्ट्यांवरून सिद्ध झाले. भूपट्ट सिद्धांत, म्हणजे पृथ्वीचे कवच सरकत्या ताठ तुकड्यांचे (भूपट्टांचे) बनले आहे ही मांडणी, उभा राहिला तो त्यावरच. मराठवाड्याचा काळा पाषाण हाही अशाच चुंबकित बेसाल्टचा, फक्त जमिनीवर साचलेला. त्यामुळे या विषयाचा काही पुरावा इथल्या खाणी, विहिरी आणि घाटरस्त्यांच्या कापांत आहे.

पट्टे कसे बनतात

थिजलेला लाव्हा आणखी थंड होताना त्यातील लोहयुक्त खनिजकणांचे चुंबकत्व त्या वेळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धरते आणि खडक पुरता थंड झाल्यावर ती तशीच राहते. शुद्ध मॅग्नेटाइटच्या बाबतीत हे ५८० अंश सेल्सियसच्या खाली घडते. सागरतळाच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम मिसळलेले मॅग्नेटाइट असते, त्याची मर्यादा बरीच खाली, बहुधा १५० ते २०० अंशांच्या आसपास असते. पृथ्वीचे क्षेत्र मधूनमधून उलटे होते. उलट चुंबकित लाव्हा फ्रान्सच्या बर्नार ब्रून यांनी १९०६ मध्ये नोंदवला, तर उलटापालटीचा वयाशी संबंध जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये दाखवला. आजचा सुलट कालखंड सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी सुरू झाला. त्याला ब्रून यांचे आणि त्याआधीच्या उलट कालखंडाला मातुयामा यांचे नाव आहे.

रांगेच्या मधोमध फट सतत उघडत राहते आणि खालून आलेला लाव्हा ती भरतो. तो थिजतो, दुभंगतो, अर्धा एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला जातो. क्षेत्र उलटले की पुढचा लाव्हा उलट दिशेने चुंबकित होतो. पट्ट्याची रुंदी म्हणून दोनच गोष्टींवर ठरते : तो कालखंड किती टिकला आणि तळ किती वेगाने सरकला. कालखंड जमिनीवरच्या लाव्ह्यावरून कळतो, म्हणून वेग काढता येतो. अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग रांगेवर एका बाजूचा वेग वर्षाला १.२ सेंटिमीटर धरला, तर ब्रून कालखंडाचा पट्टा प्रत्येक बाजूला जेमतेम साडेनऊ किलोमीटर भरतो. पॅसिफिक-अंटार्क्टिक रांगेवर तोच वेग सुमारे ४.५ सेंटिमीटर आहे, तिथे हा पट्टा ३५ किलोमीटर होतो.

मोजणी आणि तिच्यातल्या अडचणी

जहाजामागे लांब केबलवर चुंबकत्वमापी ओढत नेतात. केबल जहाजाच्या लांबीच्या किमान दोन-तीन पट ठेवतात, नाहीतर जहाजाचे पोलादच नोंदीत उतरते. प्रोटॉन चुंबकत्वमापीत केरोसिनसारखा हायड्रोजनने भरलेला द्रव आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. क्षणभर विद्युतप्रवाह सोडला की प्रोटॉन एका दिशेला वळतात. प्रवाह तोडला की ते बाह्य क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डोलू लागतात, आणि त्यांच्या डोलण्याची वारंवारता क्षेत्राच्या सम प्रमाणात असते : दर नॅनोटेस्लाला सुमारे ०.०४२६ हर्ट्झ. मराठवाड्यात क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे, म्हणजे यंत्रात साधारण १,८३० हर्ट्झचा स्वर उमटेल. पट्ट्यांमुळे येणारा फरक त्यात काहीशे नॅनोटेस्लाच असतो.

एवढा लहान फरक वेगळा काढायचा तर आधी पृथ्वीच्या मुख्य क्षेत्राचे गणिती प्रारूप वजा करावे लागते. मग सूर्यामुळे दिवसभरात होणारी काही दशक नॅनोटेस्लांची चढउतार स्थिर केंद्राच्या नोंदीवरून दुरुस्त करतात. अशा केंद्रांत अलिबागची वेधशाळा जुनी. कुलाब्यातल्या वेधशाळेजवळ विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये तिकडे हलवल्या होत्या. चुंबकीय वादळाच्या दिवसांतली नोंद मात्र टाकूनच द्यावी लागते. मोजणीच्या रेषा रांगेला काटकोनात आणि त्यांना छेदणाऱ्या काही रेषा वेगळ्या घेतात, म्हणजे छेदबिंदूंवर दोन वाचनांची ताडणी होते.

खरी अडचण खोलीची आहे. मापक पाण्याच्या वर आणि खडक चार किलोमीटर खाली असेल, तर वीस किलोमीटर तरंगलांबीच्या विसंगतीची (म्हणजे पट्ट्यांमुळे क्षेत्रात येणाऱ्या चढउताराची) तीव्रता सुमारे २८ टक्के उरते, पाच किलोमीटर तरंगलांबीची एक टक्कासुद्धा उरत नाही. म्हणून संथ रांगांवर लहान कालखंड एकमेकांत मिसळून जातात. हारामिलो हा सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीचा छोटा सुलट कालखंड कार्ल्सबर्ग रांगेवर एक किलोमीटरचाच पट्टा देतो, तो वरून दिसत नाही. वेगवान रांगेवर मात्र तो ठळक येतो.

दुसरी गफलत अक्षांशाची. उंच अक्षांशावर सुलट चुंबकित खडकावर क्षेत्र वाढलेले दिसते. विषुववृत्ताजवळ उलट घडते, आणि उत्तर-दक्षिण जाणारे पट्टे तर जवळपास नाहीसेच होतात. कार्ल्सबर्ग रांगेच्या मधोमध घटलेले क्षेत्र मिळते ते यामुळेच. ते पाहून मधला खडक उलट चुंबकित आहे असे म्हणणे चूक ठरते.

शोधाचा क्रम

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ पासून खंडवहन मांडले, पण खंड सागरतळातून वाट काढत कसे जातात याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते आणि भूभौतिकीवाल्यांनी त्यावरच बोट ठेवले. १९५० च्या दशकात मेरी थार्प यांनी अटलांटिकच्या खोलीच्या नोंदी नकाशावर उतरवताना रांगेच्या माथ्यावरची दरी ओळखली. १९५५ मध्ये ‘पायोनियर’ जहाजाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत सुमारे आठ किलोमीटर अंतराच्या रेषांवर मोजणी केली. रोनाल्ड मेसन आणि आर्थर रॅफ यांनी १९६१ मध्ये छापलेल्या तिच्या नकाशात पट्टे स्पष्ट होते, भंगांपाशी, म्हणजे तळातल्या मोठ्या तड्यांपाशी, ते तुटून सरकलेले होते. अर्थ मात्र लागत नव्हता. हॅरी हेस (१९६२) आणि रॉबर्ट डीट्झ (१९६१) यांनी सागरतळ पसरत असल्याची कल्पना मांडली होती, तीत पट्ट्यांचा उलगडा नव्हता.

या दोन गोष्टींची सांगड घालणारी मोजणी आपल्याच समुद्रात झाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६२ मध्ये ‘ओवेन’ जहाजाने कार्ल्सबर्ग रांगेचा छोटा भाग बारकाईने मोजला. केंब्रिजच्या ड्रमंड मॅथ्यूज यांनी आणलेल्या या नोंदींवर त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याने संगणकाने काम केले. तिथल्या दोन बुडीत डोंगरांपैकी एक सुलट आणि एक उलट चुंबकित निघाला. सप्टेंबर १९६३ मध्ये दोघांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. कॅनडाचे लॉरेन्स मोर्ले यांनी तीच मांडणी त्याच वर्षी दोन नियतकालिकांकडे पाठवली होती आणि दोन्हींनी ती परत केली. आज सिद्धांताच्या नावात तिघांनाही जागा देतात, ते योग्यच आहे.

निबंधाकडे लगेच फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण तोवर उलटापालटीची कालश्रेणी अपुरी होती. ॲलन कॉक्स, रिचर्ड डोएल आणि ब्रेंट डॅलरिम्पल यांनी अमेरिकेत, इयन मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात लाव्ह्याची पोटॅशियम-आर्गॉन वये (किरणोत्सर्गी पोटॅशियमच्या क्षयावरून मोजलेली) काढून ती घडवली. १९६६ मध्ये हारामिलो कालखंड सापडला आणि व्हाइनच्या रुंदीच्या हिशोबातला अडथळा गेला : त्याशिवाय पट्ट्यांची रुंदी एकसारख्या वेगाशी जुळत नव्हती. त्याच वर्षी वॉल्टर पिटमन आणि जेम्स हेर्ट्झलर यांनी ‘एल्टानिन’ जहाजाच्या १९ व्या सफरीतला आलेख छापला. डावी बाजू उजवीवर उलटून ठेवली तरी जुळेल इतका तो सममित होता. खोल समुद्रातून नळ्यांनी काढलेल्या गाळाच्या नमुन्यांमध्येही तोच क्रम मिळाला. जमिनीचा लाव्हा, तळाचे पट्टे आणि गाळ अशा तीन स्वतंत्र वाटांनी एकच क्रम आल्यावर योगायोगाचा युक्तिवाद संपला.

पुढची घडण वेगाने झाली. टुझो विल्सन यांनी १९६५ मध्ये रूपांतर भंग (रांगेचे तुटलेले तुकडे जोडणारे, जिथे तळ एकमेकांना घासून बाजूला सरकतो असे भंग) मांडले आणि लिन साइक्स यांनी १९६७ मध्ये भूकंपनोंदींवरून ते पडताळले. डॅन मॅकेन्झी व रॉबर्ट पार्कर (१९६७), जेसन मॉर्गन (१९६८) आणि झेव्हिए ल पिशों (१९६८) यांनी गोलावर फिरणाऱ्या ताठ भूपट्टांचे गणित दिले. ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने दक्षिण अटलांटिकात तळ खणला, तेव्हा रांगेपासून जितके दूर जावे तितका बेसाल्टवरचा तळचा गाळ जुना मिळत गेला.

दख्खनचा बेसाल्ट

दख्खनच्या लाव्ह्याचा पुरावा पट्ट्यांच्या उलगड्याच्या आधीचा. जॉन क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतीय खडकांच्या चुंबकत्वावरचा अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध केला आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झाले. मराठवाड्यात आज होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते आणि आडव्यापासून २५ ते ३० अंश खाली झुकते. दख्खनच्या पुष्कळ थरांतली दिशा मात्र आग्नेयेकडे आणि सुमारे ४५ अंश खाली आहे. उत्तर गोलार्धात सुलट क्षेत्र उत्तरेकडे-खाली असते आणि उलट क्षेत्र दक्षिणेकडे-वर. दक्षिणेकडे-खाली ही जोडी फक्त दक्षिण गोलार्धात, तीही उलट क्षेत्रात मिळते. नती (आडव्यापासून झुकण्याचा कोन) आणि अक्षांश यांच्या सूत्राने ४५ अंशांना सुमारे २७ अंश दक्षिण येतो. पैठण आज १९.५ अंश उत्तरेला आहे. हा साडेशेचाळीस अंशांचा फरक ६.६ कोटी वर्षांवर पसरला, तर सरासरी वर्षाला जवळपास आठ सेंटिमीटर पडतात. ही फक्त उत्तरेकडची चाल झाली, रेखांश या रीतीने कळत नाही. दिशा दक्षिणेऐवजी आग्नेयेला का, याचे उत्तर भारत तेवढा डावीकडे फिरला असे आहे.

हा पुरावा १९५६ मध्येच पुरेसा होता, तरी त्याने मत बदलले नाही. खंड सरकला एवढेच तो सांगतो, मधला समुद्र कसा तयार झाला ते सांगत नाही. हिंदी महासागराचे पट्टे वाचल्यावर चाल एकसारखी नव्हती हेही उलगडले : साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास ती वर्षाला १५ सेंटिमीटरच्या वर होती, आशियाशी धडक सुरू झाल्यावर, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपासून, ती मंदावत गेली.

नमुना घेताना ताजा, न झिजलेला पाषाण लागतो. मुरूम झालेला भाग, गेरूचा लाल थर आणि निसटलेले दगड चालत नाहीत. अडीच सेंटिमीटर व्यासाचे दंडगोल पाण्याने थंड ठेवलेल्या छिद्रकाने एका थरातून सहा-आठ काढतात आणि प्रत्येकावर दिशा खुणावतात. साधे होकायंत्र बेसाल्टजवळ फसते, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवतात. डोंगरमाथ्यावरचे नमुने बऱ्याचदा वाया जातात, कारण वीज पडलेल्या जागी प्रवाहाने खडक नव्याने आणि वेड्यावाकड्या दिशेने चुंबकित होतो. खाणीचा तळ किंवा विहिरीचा काप त्यापेक्षा बरा. प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने ५८० अंशांपर्यंत तापवून आजच्या क्षेत्राचा वरचा लेप उतरवतात. हे न करता काढलेली दिशा आजच्या उत्तरेकडे झुकते आणि अक्षांश चुकतो.

किल्लारी आणि सिद्धांताची मर्यादा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव सीमेवर झालेला ६.२ तीव्रतेचा किल्लारीचा भूकंप भूपट्टाच्या कडेवर नव्हता. हिमालयाची कड तिथून बाराशे किलोमीटरहून दूर आहे, कार्ल्सबर्ग रांग दोन हजारांच्या आसपास. भूपट्टाच्या आत कुठे ताण साठेल, हे भूपट्ट सिद्धांत सांगू शकत नाही. उत्तरेकडच्या धडकेचा दाब सगळ्या भूपट्टात पसरतो आणि जुना कमकुवत भंग मिळेल तिथे सुटतो, इतकेच म्हणता येते. किल्लारीला घेतलेल्या छिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली काही मीटर गाळ आणि मग जुना ग्रॅनाइटी पाया लागला. भंग त्या पायात आहेत. हवाई चुंबकीय सर्वेक्षणात ते सहज दिसत नाहीत, कारण वरच्या बेसाल्टचे स्वतःचे, बहुतांशी उलट, चुंबकत्व पायाची खूण झाकून टाकते. त्यामुळे मराठवाड्यात पायाचा शोध गुरुत्व मोजणी, विद्युत-चुंबकीय खोलीमापन आणि छिद्रे यांवरच अवलंबून राहतो.