आशाताईंच्या आधी : गावातच राहणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीच्या कल्पनेची पार्श्वभूमी

ग्रामीण आरोग्यसेवेची चर्चा निघाली की ती डॉक्टरांच्या रिक्त पदांवर येते आणि बहुधा तिथेच अडकते. पदे भरलीच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण ताप, हगवण किंवा न्यूमोनियाने बाळ रात्रीतून हातचे जाते, तेव्हा पहिला उपचार हाकेच्या अंतरावर कोण करणार, हा प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरे शोधण्याचा इतिहासही बराच मागे जातो.

चीनमधील हबेई प्रांतातल्या डिंगश्यान जिल्ह्यात डॉ. सी. सी. चेन यांनी १९३२पासून साक्षरता वर्गांतून शिकलेल्या गावकऱ्यांनाच निवडले, त्यांना औषधांची छोटी पेटी दिली आणि देवी टोचणे, विहिरी निर्जंतुक करणे, जन्म-मृत्यू नोंदवणे ही कामे सोपवली. त्यांच्यामागे उपजिल्हा केंद्र आणि जिल्हा रुग्णालय अशी साखळी उभी होती. पुढे चीनमध्ये गाजलेल्या ‘अनवाणी डॉक्टरां’च्या, म्हणजे थोडे प्रशिक्षण घेऊन गावातच उपचार करणाऱ्या गावकऱ्यांच्या, योजनेची मुळे या प्रयोगात सापडतात.

भारतात आरोग्यसेवेची दिशा सुचवण्यासाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांचा आराखडा मांडला आणि १९५२नंतर सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर ती केंद्रे उभी राहू लागली. त्याच अहवालात डॉक्टर होण्याचा कमी मुदतीचा, पदवीपेक्षा खालचा ‘लायसन्शिएट’ अभ्यासक्रम बंद करून एकाच वैद्यकीय पदवीचा आग्रह धरला गेला, काही सदस्यांचा विरोध असतानाही. हेतू चांगला होता, कारण खेड्याला दुय्यम डॉक्टर का मिळावा, असा तो प्रश्न होता. तथापि माझ्या मते या निर्णयाने गाव आणि डॉक्टर यांच्यातील पोकळी वाढली आणि ती भरायला पुढे कित्येक वर्षे कोणीच नव्हते.

उपचार सामान्य माणसाच्या हाती देता येतो, याचा मोठा पुरावा १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत मिळाला. पटकीची साथ भडकली होती आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते द्रावण पिंपांत भरून ठेवले. रुग्णांचे नातेवाईक ते भांड्यात घेऊन घोट घोट पाजत राहिले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण, या द्रावणावर ठेवलेल्या रुग्णांमध्ये ४ टक्क्यांच्याही खाली आले.

महाराष्ट्रात १९७०पासून जामखेड परिसरात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच स्त्रियांना तयार केले. त्यांतील अनेकजणी निरक्षर आणि दलित समाजातल्या होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूत त्याहून पुढे गेल्या. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक चालत असेल तर धोका ओळखायचा. म्हणजे बाळ शांत असताना पोटाच्या हालचालीकडे नजर लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे, एवढ्या साध्या कौशल्यावर निदान उभे राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला त्या घरीच इंजेक्शनही देत. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा या कामाचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

सरकारी योजनांची वाट मात्र खडतर राहिली. १९७७ साली केंद्र सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमायला सुरुवात केली. मानधन महिना ५० रुपये होते आणि नेमलेल्यांत पुरुषच जास्त असल्याने बाळंतिणीच्या खोलीपर्यंत ही योजना पोहोचणे अवघड होते. पुढच्याच वर्षी तत्कालीन सोव्हिएत संघातील आल्मा-आटा येथे आरोग्य परिषदेत १३४ देशांच्या प्रतिनिधींनी ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय स्वीकारले. पण वर्षभरातच, एवढे सगळे परवडणार नाही, तेव्हा मोजक्या रोगांवरच भर द्यावा, असा विचार पुढे आला आणि बराच निधी त्याच दिशेने गेला.

साधारण १००० लोकवस्तीमागे एक आशा कार्यकर्ती, हे सूत्र २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आले, आणि २०११पासून नवजात बाळाच्या घरभेटीही आशाताईंकडे सोपवण्यात आल्या. नाव मात्र ‘स्वयंसेविका’च राहिले, आणि मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरू लागला. अशा कार्यकर्त्यांचा मोबदला केवळ किंवा मुख्यतः कामगिरीवर अवलंबून ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले. त्याच संघटनेने २०२२ साली भारतातील आशा कार्यकर्तींचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. शासकीय कर्मचारी म्हणून नियमित वेतनाची त्यांची मागणी मात्र त्या वेळीही प्रलंबितच होती.