जनावरांचा ईसीजी कुठून आला

इंदुरात घरोघर लॅब्राडोर, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड दिसतात. त्यातला एखादा म्हातारपणी जिना चढताना धापा टाकू लागला किंवा त्याचं ऑपरेशन ठरलं, की डॉक्टर ईसीजी काढायला सांगतात. मग सुदामानगरपासून स्नेहलतागंजपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो: माणसांचं मशीन जनावराला कशाला? माझ्या मते हा प्रश्नच उलटा विचारला जातो. हृदयाची वीज मोजण्याची विद्या जनावरांच्या जिवावर उभी राहिली. रुग्ण म्हणून त्यांचा नंबर मात्र फार उशिरा लागला, आणि त्या उशिराचा त्रास आजही होतो.

१८४२ साली इटलीत कार्लो मात्तेउच्ची यांनी दाखवून दिलं की बेडकाच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर विजेचा प्रवाह निर्माण होतो. १८५६मध्ये जर्मनीत कॉलिकर आणि म्यूलर यांनी बेडकाच्या धडधडत्या हृदयावर बेडकाच्याच पायाचा स्नायू मज्जातंतूसकट टेकवला. हृदयाच्या ठोक्यागणिक तो स्नायू आकसू लागला. इतकी बारीक वीज टिपणारं यंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून प्राण्याचा स्नायूच यंत्र झाला.

ही वीज हृदयात कुठल्या वाटेने फिरते, हेही जनावरांतच उलगडलं. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांना त्यांच्या नावाने ओळखले जाणारे तंतू १८३९मध्ये मेंढीच्या हृदयात दिसले. जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी १९०६मध्ये वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी गाठ माणसाबरोबर इतर अनेक प्राण्यांच्या हृदयांत शोधली. ठोका जिथे सुरू होतो ती गाठ मार्टिन फ्लॅक या तरुण विद्यार्थ्याला छछुंदरासारख्या बिळात राहणाऱ्या ‘मोल’ या प्राण्याच्या हृदयात सापडली. शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ आणि फ्लॅक यांनी ते १९०७मध्ये प्रसिद्ध केलं.

लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधले ऑगस्टस वॉलर यांनी १८८७मध्ये माणसाच्या हृदयाची वीज छाती न उघडता प्रथमच टिपली. पण त्यांचा गाजलेला साथीदार होता जिमी, त्यांचा पाळीव बुलडॉग. जिमीचे पंजे मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवायचे, भांड्यांना तारा जोडायच्या, आणि तो स्वस्थ उभा राहायचा. १९०९मध्ये रॉयल सोसायटीच्या एका कार्यक्रमात हा प्रयोग दाखवल्यावर ब्रिटिश संसदेत प्रश्न आला की कुत्र्याचा छळ तर झाला नाही ना? गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांना उत्तर द्यावं लागलं की कुत्रा साध्या मिठाच्या पाण्यात उभा होता. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ईसीजी काढताना जनावराला काही होत नाही, सुई नाही की शॉक नाही, हे तेव्हाच जाहीरपणे सांगून झालं होतं. तरी आजही मालक विचारतात, “करंट देणार का हो?” यंत्र करंट देत नाही. हृदयातून जो निघतो तोच ते मोजतं.

वॉलर यांना स्वतःला या तंत्राचा दवाखान्यात फारसा उपयोग होईल असं वाटत नव्हतं. त्यांचं प्रात्यक्षिक १८८९मध्ये बाझेलच्या परिषदेत पाहिलेल्या विलेम आइन्टहोवेन यांनी पुढचा पल्ला गाठला. आलेखातल्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांनी १८९५मध्ये दिली, चांदीचा मुलामा दिलेल्या क्वार्ट्झच्या तंतूचा गॅल्व्हानोमीटर, म्हणजे बारीक वीज मोजणारं यंत्र, बनवला आणि १९२४चं नोबेल मिळवलं. ते यंत्र साधारण २७० किलोचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत, जसे जिमीचे.

एवढं अवजड यंत्र गोठ्यात किंवा पागेत कोण नेणार? तरी काही जणांनी प्रयत्न केले. थॉमस लुईस यांनी १९११मध्ये घोड्यांच्या अनियमित नाडीचा संबंध हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या फडफडीशी आणि माणसातल्या तशाच विकाराशी जोडला. जर्मनीत नॉर यांनी १९१३मध्ये घोड्याच्या ईसीजीवर सविस्तर लिहिलं. १९२१मध्ये अमेरिकेत हत्तीचाही आलेख निघाला. पण हे सगळं शरीरशास्त्रज्ञांचं कुतूहल होतं. आजारी घोड्याला त्याचा लगेच काही उपयोग नव्हता.

आपल्याकडे तर त्या काळी पशुवैद्यकापुढे वेगळीच संकटं होती. १८८९मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि पुढे मुक्तेश्वरला गेलेली संशोधन संस्था बुळकांडीसारख्या साथींशी झुंजत होती. गावंच्या गावं जनावरांविना होत असताना एकेका बैलाच्या हृदयाचा आलेख हा विचारही परवडणारा नव्हता. होळकरांच्या राज्यात घोड्याची पारख आणि उपचार हा मानाचा विषय होता; पागनीस पागेसारखी नावं इंदुरात अजून आहेत. घोड्याची नाडी जबड्याच्या कडेखाली बोटांनी बघायची, गाईची शेपटीच्या मुळाशी. बोटांना अनियमितपणा कळायचा, त्याचं कारण कळायला मार्ग नव्हता. इंदूरजवळच्या महूला पशुवैद्यक महाविद्यालय आलं १९५५मध्ये.

योगायोग असा की जनावर रुग्ण म्हणून ईसीजीच्या टेबलावर आलं तेही याच सुमारास. स्वीडनमध्ये निल्स लान्नेक यांनी १९४९मध्ये कुत्र्यांच्या ईसीजीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड डेटवायलर यांनी कुत्र्यांच्या हृदयरोगांचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. दवाखान्यात येणाऱ्या हजारो कुत्र्यांत कुठले विकार किती आढळतात हे प्रथमच कळलं. १९६८मध्ये तिथल्याच मंडळींनी हृदयाचा ठोका अडलेल्या कुत्र्याला पेसमेकर बसवल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९७९मध्ये लॅरी टिली यांचं कुत्र्या-मांजरांच्या ईसीजीवरचं पुस्तक आलं आणि साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाही आलेख वाचणं जमू लागलं.

खरा कस इथेच लागतो, आणि मालकांनीही हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. माणसाची मोजपट्टी जनावराला चालत नाही. प्रौढ कुत्र्याचे ठोके मिनिटाला साधारण ७० ते १६०, मांजराचे १२० ते २४०, उभ्या शांत घोड्याचे २८ ते ४०. कुत्रा श्वास घेतो तेव्हा ठोके जलद पडतात, सोडतो तेव्हा मंदावतात; कागदावर ते अनियमित दिसतं, पण निरोगी कुत्र्यात ते अगदी स्वाभाविक आहे. तोच अनियमितपणा मांजरात दवाखान्याच्या टेबलावर दिसला तर डॉक्टर पुन्हा नीट बघतात. घोड्याचं तर आणखी नवल. निरोगी, तगडा घोडा शांत उभा असताना मधूनच त्याचा एक ठोका गळतो. वरच्या कप्प्याची खूण कागदावर उमटते, खालच्याची उमटतच नाही. माणसाच्या पुस्तकावरून वाचणारा घाबरून जाईल. घोड्याला थोडं चालवून आणलं की गळती थांबते.

माणसाची मोजपट्टी न चालण्यामागे पुर्किंये यांचे तंतूही आहेत. कुत्रा, मांजर आणि माणूस यांच्यात ते हृदयाच्या आतल्या अस्तरालगत राहतात. घोडा, गाय, म्हैस, शेळी यांच्यात ते भिंतीत खोल शिरलेले असतात, त्यामुळे खालचे कप्पे जवळजवळ एकदमच उत्तेजित होतात. ओहायोचे रॉबर्ट हॅम्लिन यांनी १९६०च्या दशकात हा फरक स्पष्ट मांडला. परिणाम असा की कुत्र्याच्या उंच आर लाटेवरून डावा कप्पा मोठा झाल्याचा अंदाज करता येतो, पण गाई-घोड्याच्या आलेखावरून हृदयाचा आकार ओळखता येत नाही. तिथे ईसीजी लय सांगतो, आणि तेवढं पुष्कळ झालं.

माळव्यातल्या दुभत्या जनावरांची ही लय समजणं किती गरजेचं आहे, हे गोठेवाल्यांना वेगळं सांगायला नको. कुट्टीबरोबर तारेचा तुकडा किंवा खिळा पोटात जातो, जाळीपोटातून, म्हणजे पोटाच्या सर्वांत पुढच्या कप्प्यातून, पुढे सरकतो आणि हृदयाच्या आवरणात घुसतो. तिथे पाणी-पू साठला की आलेखाच्या लाटा खुजट होतात, मानेच्या शिरा फुगतात, गळ्याखालच्या पोळीवर सूज येते. व्यायल्यानंतर कॅल्शियम उतरून आडव्या झालेल्या गाईला शिरेतून कॅल्शियम देताना हृदयावर कान ठेवावाच लागतो, कारण भराभर गेलेलं कॅल्शियम हृदय थांबवू शकतं. अशा वेळी मानेवर आणि डाव्या कोपरामागे क्लिप लावून गोठ्यातच आलेखाची पट्टी काढता येते, जनावर उभं असो की बसलेलं.

कुत्र्या-मांजरात ऑपरेशनआधी काढलेला एक मिनिटाचा आलेख बऱ्याच दवाखान्यांत अजून ‘जादा खर्च’ समजला जातो, आणि मला ते पटत नाही. लघवी तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात पोटॅशियम चढतं. टी लाट टोकदार होते, पी लाट नाहीशी होते, ठोके मंदावतात. हे दिसल्यावर भूल देण्याआधी पोटॅशियमचा बंदोबस्त करता येतो. गाडीखाली आलेला कुत्रा वरून ठणठणीत वाटला तरी छातीला मार लागला असेल तर पुढच्या एक-दोन दिवसांत त्याचे ठोके बिघडू शकतात. म्हणून त्या काळात पुन्हा आलेख काढावा लागतो.

एक मिनिट पुरत नाही असेही रुग्ण असतात. डोबरमनच्या काही कुत्र्यांत हृदयाचा स्नायू हळूहळू दुबळा होतो आणि पहिली खूण म्हणून अचानक मरण येऊ शकतं. दवाखान्यातली पट्टी स्वच्छ येते, वेडेवाकडे ठोके इतर वेळी पडतात. अमेरिकन संशोधक नॉर्मन होल्टर यांनी १९६१मध्ये मांडलेलं, अंगावर बाळगायचं यंत्र इथे कामी येतं. जाकिटाखाली चोवीस तास बांधून ठेवलं की दिवसभराची नोंद मिळते. आता फोनला जोडायची छोटी यंत्रंही आली आहेत. पण त्यातली स्वयंचलित वाचनं बहुधा माणसांसाठी बेतलेली असतात, म्हणून कुत्र्याच्या आलेखावर ‘अनियमित’ असा शेरा आला तर तो डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मनावर घेऊ नये.

ईसीजीला नेताना जनावर दमवून नेऊ नये. कुत्र्याला शक्यतो उजव्या कुशीवर निजवतात, खाली रबरी चटई घालतात, कोपर आणि गुडघ्याजवळच्या कातडीला थोडं जेल लावून क्लिपा लावतात. धापा टाकल्याने रेघ डोलते, मांजराच्या गुरगुरण्याने थरथरते, म्हणून घरचं माणूस डोक्याशी बसलेलं बरं. आणि निघताना पट्टीची प्रत मागून घ्यावी. पाच वर्षांच्या कुत्र्याची निरोगी पट्टी घरात असली तर अकराव्या वर्षी डॉक्टरांना तुलना करायला काहीतरी हाताशी राहतं.