शूच्या जागी नाक घासलं की कुत्र्याचं पिल्लू शिकतं?

शिकतं, पण भलतंच: माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन उरकतं, आणि बाहेर नेल्यावर तुमच्यासमोर करतच नाही.

'पण चूक कळते, कान पाडून बसतं ना!' ते कान तुमच्या आवाजाने पडतात. 2009 मध्ये कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी प्रयोगातून दाखवलं, की काही केलेलं नसतानाही कुत्री ओरडा खाल्ल्यावर तोच चेहरा करतात.

मुळात दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन तासांहून जास्त शू धरवतच नाही. म्हणून झोपेतून उठल्याबरोबर, खेळ थांबताच आणि खाल्ल्यावर 10-15 मिनिटांत त्याला ठरलेल्या एकाच जागी न्या. गोल फिरत जमीन हुंगायला लागलं की वेळ आलीच समजा. खाऊ तिथेच, शू संपताच द्या. घरात येऊन दिलात तर त्याच्या लेखी बक्षीस घरात येण्याचं.

घरात झालीच तर टिपून घ्या आणि एन्झाइमवालं (शूचा वास मोडून काढणारं) क्लीनर वापरा. अमोनिया असलेलं नको, त्याचा वास शूसारखाच. फिनाइलही नको; ते पायांना लागतं, मग पिल्लू पाय चाटतं.