कार्डाला चार्जिंग नसतं

परवा शहर बसमध्ये एका काकांनी, टेकवून पैसे भरायचं कार्ड असलेलं पाकीट तिकिटाच्या मशीनवर टेकवलं. काही होईना. पुन्हा टेकवलं, दाबून धरलं. शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, कार्डाचं चार्जिंग संपलं असेल." काकांनाही ते पटलं.

पण कार्डात बॅटरी नसतेच! मुदत संपलेलं एखादं कार्ड काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा (खिडक्या उघड्या ठेवा, गॅसपासून लांब). प्लास्टिक मऊ पडून सुटतं आणि कडेकडेने फिरवलेले बारीक तारेचे वेढे हाती लागतात. सगळी गंमत त्या वेढ्यांत आहे. मशीनमध्येही असंच एक वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा मागेपुढे होते, भोवतीचं चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेगाने बदलतं आणि कार्डातल्या तारेत वीज उभी राहते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच, दहावीच्या पुस्तकातलं. तेवढ्या विजेवर चिप जागी होते.

जागी झाली, पण उत्तर कसं देणार? तिच्याकडे संदेश पाठवणारा प्रक्षेपक कुठे आहे? इथे सायकलचा डायनामो आठवा. दिवा लागला की पायडल जड होतं. चिप नेमकं हेच करते: आपल्या वेटोळ्यावरचा भार चढवते, उतरवते. मशीनच्या 'पायाला' तो जडपणा कळतो आणि त्यातून ते शून्य-एक वाचतं. हा भार मूळ वारंवारतेच्या सोळाव्या हिश्श्याने, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेआठ लाख वेळा बदलतो. या बदलत्या भाराला उपवाहक म्हणतात आणि त्यावर सेकंदाला १ लाख ६ हजार बिट, म्हणजे शून्य-एक, बसवलेले असतात. वेटोळ्यापासून जरा दूर गेलं की अंतर दुप्पट होताच क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येतं, म्हणून कार्ड अगदी जवळ न्यावं लागतं.

फोनच्या पाठीला 'रेडिएशन शोषणारी' चकती लावणाऱ्यांसाठी एक माहिती: चकती धातूची असली आणि नेमकी फोनमधल्या अशाच वेटोळ्यावर बसली, तर फोन टेकवून तिकीट निघत नाही. फायदा तेवढाच.

बसच्या दारात बँकेला विचारत बसायला वेळ नसतो. लंडनच्या बसगाड्यांनी डिसेंबर २०१२ मध्ये बँकेची कार्डं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अट होती अर्ध्या सेकंदाची. तेवढ्यात कार्ड खरं की खोटं एवढंच तपासायचं, हिशोब मागाहून. आपल्याकडे २०१९ मध्ये आलेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाची (देशभरच्या बस-मेट्रोसाठी एकच कार्ड) वाट वेगळी: प्रवासापुरती शिल्लक चिपमध्येच, त्यामुळे रेंज नसली तरी चालतं. दोन्हीकडे चिप दर वेळी नवी सांकेतिक सही करते. कालची सही चोरून आज तिकीट काढता येत नाही.

आणि ते काका? त्यांच्या पाकिटात दोन कार्डं होती. वीज दोघांनाही मिळत होती, दोघंही एकदम बोलत होती, आणि कोणाचे पैसे कापायचे हे मशीनने स्वतः ठरवायचं नाही असा नियम आहे. कंडक्टरने नुसतं म्हटलं, "एकच काढा." टुंग वाजलं.