समा

ईश्वरस्मरणाच्या हेतूने काव्यगायन ऐकण्याचा सूफी विधी. ‘समा’ या अरबी शब्दाचा अर्थ श्रवण. संगीत ऐकणे इस्लामला संमत आहे की नाही, या प्रश्नावरील मध्ययुगीन लेखनाचा मोठा भाग या विधीच्या समर्थनार्थ किंवा विरोधात लिहिला गेला. म्हणून त्या वादाचा परामर्शही येथेच घेतला आहे. कुरआनाचे सस्वर पठण व अजान यांत स्वरांचे चढउतार कितीही असले, तरी परंपरा त्यांची गणना संगीतात करीत नाही. वाद आहे तो गायन (गिना) आणि वाद्ये (मआझिफ, मलाही) यांविषयी.

कुरआनात संगीताचा नावानिशी निषेध नाही. निषेधपक्षाचा मुख्य आधार ३१व्या सूरेतील (अध्यायातील) सहावी आयत (वचन) हा होय. ‘लह्व अल्-हदीस’, म्हणजे मन रमविणाऱ्या पोकळ गोष्टी, विकत घेऊन लोकांना अल्लाहच्या मार्गावरून भरकटविणाऱ्यांची तीत निंदा केली आहे. येथे गायनच अभिप्रेत आहे, असे इब्न मसऊद या प्रेषितांच्या सहकाऱ्याने शपथेवर सांगितल्याचे भाष्यकार नोंदवितात. दुसऱ्या परंपरेनुसार ही आयत मक्केतील नद्र इब्न अल्-हारिस याला उद्देशून आहे. तो इराणी राजांच्या कथा सांगून श्रोत्यांना प्रेषितांपासून दूर ठेवीत असे. अंदलुसी पंडित इब्न हज्म (मृत्यू १०६४) याचा युक्तिवाद असा, की आयतीतील दोष भरकटविण्याच्या हेतूचा आहे. त्या हेतूने कोणी कुरआनाची प्रत विकत घेतली तरी तो दोषीच ठरेल.

खरा खल झाला तो हदीसवर, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती व कृतींच्या परंपरागत कथनांवर. बुखारी या संकलकाच्या हदीससंग्रहात प्रेषितांचे एक भविष्यकथन आहे : माझ्या समाजात व्यभिचार, रेशीम, मद्य आणि मआझिफ वैध मानणारे लोक निघतील. ‘वैध मानतील’ म्हणजे या गोष्टी मुळात अवैध आहेत, असा निष्कर्ष निषेधपक्ष काढतो. अडचण सनदेची (कथनकर्त्यांच्या साखळीची) आहे. हे कथन देताना बुखारी ‘हिशाम इब्न अम्मारने आम्हांला सांगितले’ हे आपले नेहमीचे सूत्र न वापरता नुसते ‘हिशाम म्हणाला’ असे लिहितो. एवढ्यावरून इब्न हज्मने साखळी तुटलेली ठरविली आणि हदीस नाकारली. शिवाय मूळ कथनकर्ता अबू आमिर की अबू मालिक अल्-अश्अरी, हा संदेह संहितेतच नोंदलेला आहे. उलट बाजूने इब्न अस्-सलाह याने दाखविले, की हिशाम हा बुखारीचा प्रत्यक्ष गुरू होता, तेव्हा ‘म्हणाला’ यावरून खंड सिद्ध होत नाही. पुढे इब्न हजर अल्-अस्कलानी (मृत्यू १४४९) याने इतर संग्रहांतून हिशामपर्यंत अखंड पोहोचणाऱ्या साखळ्या गोळा केल्या. हदीसशास्त्राच्या कसोटीवर इब्न हजरची बाजू अधिक भक्कम वाटते. पण सनद सिद्ध झाल्याने अर्थाचा प्रश्न सुटत नाही. रेशीम केवळ पुरुषांना वर्ज्य आहे. तेव्हा यादीतील प्रत्येक गोष्ट सर्वांना सर्वकाळ निषिद्ध आहे असे यावरून म्हणता येईल का, की मद्य व व्यभिचार यांच्या संगतीतील वाद्यवादनच येथे निंदिले आहे, हा मतभेद उरतोच.

अनुकूल पक्ष प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांच्या कथनाकडे बोट दाखवितो. ईदच्या दिवशी दोन मुली त्यांच्या घरी बुआसच्या लढाईची गाणी गात होत्या; आयेशांचे वडील अबू बक्र रागावले, तेव्हा प्रेषितांनी ‘त्यांना गाऊ द्या, हा सणाचा दिवस आहे’ अशा आशयाचे उद्गार काढले. नाफिअचे कथन दोन्ही पक्ष वापरतात. मेंढपाळाची बासरी ऐकू येताच प्रेषितांचे सहकारी इब्न उमर यांनी कानांत बोटे घातली आणि प्रेषितांनीही असेच केल्याचे सांगितले. मात्र सोबतच्या नाफिअला कान झाकण्यास किंवा मेंढपाळाला थांबण्यास त्यांनी सांगितले नाही. अबू दाऊदने हे कथन आपल्या संग्रहात घेतले, पण ते मुन्कर (अग्राह्य) असल्याचा शेराही मारला.

चारही सुन्नी पंथांचा बहुसंख्य कल वाद्यांच्या विरोधात आहे. विवाह व सणप्रसंगी दफ (डफासारखे चर्मवाद्य) वाजविण्यास सामान्यतः हरकत घेतली जात नाही. मदीनेतील गायनाविषयी विचारले असता, आमच्याकडे ते दुर्वर्तनी लोक करतात, असे मालिकी पंथाचे प्रवर्तक मालिक म्हणाल्याचे सांगतात. शाफिई पंथाचे प्रवर्तक शाफिई यांनी गायनाला मक्रूह (नापसंत) म्हटले. हनफी पंथाच्या हिदाया या प्रमाणग्रंथातील अनुमान लक्षणीय आहे. मेजवानीत गाणे-बजावणे सुरू झाले तर काय करावे, या संदर्भात पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा म्हणतात, ‘एकदा माझ्यावर असा प्रसंग ओढवला, मी सहन केले.’ ग्रंथकाराच्या मते ‘ओढवणे’ हा शब्द निषिद्ध गोष्टीलाच लागू पडतो, म्हणून सर्व मलाही हराम. एका आठवणीतील क्रियापदावर एवढा मोठा नियम उभा राहिला आहे. शिया विधिज्ञांत गिना हराम असल्याचे मत प्रबळ असले, तरी फैज काशानी (मृत्यू १६८०) याने निषेध गायनाचा नसून त्यासोबत येणाऱ्या पापांचा आहे, अशी भूमिका घेतली.

सूफींच्या बाजूने सर्वांत सुसूत्र मांडणी गझालीने (मृत्यू ११११) इह्या उलूम अद्-दीन या ग्रंथातील स्वतंत्र प्रकरणात केली. कोकिळेचा स्वर वैध असेल तर मधुर मानवी स्वर अवैध का, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. समा माणसाच्या अंतःकरणात जे आधीच आहे तेच ढवळून वर आणतो. म्हणून निर्णय श्रोत्यागणिक बदलतो. तंतुवाद्ये व काही सुषिरवाद्ये मात्र तो निषिद्धच ठेवतो, कारण त्या काळी ती मद्यपींच्या बैठकींची खूण होती. डमरूच्या आकाराचा ‘कूबा’ हाही अशाच सामाजिक कारणाने वर्ज्य. दफ व नगारा यांना मुभा. नक्शबंदी सूफी या विधीपासून दूर राहिले.

भारतात चिश्ती या सूफी परंपरेने समा जोपासला. कुत्बुद्दीन बख्तियार काकी यांचे १२३५ मध्ये दिल्लीत निधन झाले ते समामध्ये एक फार्सी शेर ऐकताना भावसमाधी लागून, अशी कथा आहे. गियासुद्दीन तुघलकाच्या कारकिर्दीत (१३२०–२५) उलेमांच्या तक्रारीवरून निजामुद्दीन औलिया यांना दरबारी चर्चेस (महजर) बोलाविण्यात आले. या घटनेचा मुख्य आधार सियर अल्-औलिया हा चिश्ती ग्रंथ असल्याने वृत्तांत एकतर्फी आहे. त्यानुसार शेखांनी (निजामुद्दीन यांनी) हदीस मांडल्या, तेव्हा प्रतिपक्षाने या शहरात हदीसपेक्षा फिक्हचे (धर्मविधिशास्त्राचे) वचन चालते, असे उत्तर दिले. सूफी संत बहाउद्दीन झकरिया यांचे नातू इल्मुद्दीन यांनी, बगदाद, शाम (सीरिया) व रूम (आनातोलिया) येथे समा निर्धोकपणे ऐकला जातो, अशी साक्ष दिली. सुलतानाने बंदी घातली नाही. ‘पात्र माणसाला समा वैध आहे’ हे वचन शेखांनी हदीस म्हणून सांगितल्याचे नंतरच्या काही वृत्तांतांत येते. प्रमाण संग्रहांत ते नाही, ते सूफी सूत्र दिसते. हदीस नाकारणाऱ्या शहराचा नाश होईल, हे शेखांचे भाकीत आणि त्याच उलेमांची पुढे देवगिरीला झालेली रवानगी यांची सांगड पश्चातबुद्धीने घातली असावी.

निजामुद्दीन यांच्या अटी चार : गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणारा ईश्वरस्मरणात असावा, पद अश्लील नसावे, आणि चंग, रबाब (दोन्ही तंतुवाद्ये) यांसारखी वाद्ये नसावीत. शेवटची अट पाहता आजची हार्मोनियम-तबल्यासह होणारी कव्वाली तिच्यात बसत नाही. अहमद रजा खान बरेलवी यांनी दर्ग्यांची परंपरा मानूनही वाद्यांसह कव्वालीला हराम ठरविले, ते याच धाग्यावर.

दख्खनमध्ये ही परंपरा निजामुद्दीन यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांनी रुजविली. त्यांची समाधी खुलदाबादला आहे. समामधील त्यांची व अनुयायांची नृत्याची ढब इतकी वेगळी होती, की त्यांना ‘बुऱ्हानी’ म्हणत. त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. औरंगजेबाने संगीतावर सरसकट बंदी घातली, ही समजूत मुख्यतः इतिहासकार खाफीखान व इटालियन प्रवासी मनुची यांच्या रंगतदार कथांवर उभी आहे. सु. १६६८ नंतर त्याने दरबारी गायन स्वतःपुरते बंद केले, एवढे मानणे अधिक सुरक्षित. सरदारांकडील संगीत आणि संगीतविषयक फार्सी ग्रंथलेखन त्याच्या काळात चालूच होते.

विसाव्या शतकात अल्-अजहरचे प्रमुख महमूद शलतूत यांनी आणि नंतर यूसुफ अल्-करजावी यांनी आशय व प्रसंग शुद्ध असल्यास संगीत वैध मानले. सौदी मुफ्ती इब्न बाझ यांनी निषेध कायम ठेवला. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर आलेली बंधने पुढे सैल झाली. अफगाणिस्तानात तालिबानने १९९६ ते २००१ या काळात संगीतावर बंदी घातली होती आणि २०२१ पासून ती पुन्हा लागू केली. निषेध मानणाऱ्या वर्तुळांत वाद्यांविना किंवा केवळ दफवर गायिल्या जाणाऱ्या नशीदचा (धार्मिक गीतांचा) प्रसार झाला आहे.