जुना लेझर प्रिंटर: पीसीएलवाला की होस्ट-बेस्ड?

जुना लेझर प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जोडायचा म्हटलं की बहुतेक जण आधी केबल शोधतात. केबलचं काहीतरी जमतं. खरी मेख वेगळी आहे: छापायचं पान तयार कोण करतं, प्रिंटर की कॉम्प्युटर? यावरून लेझर प्रिंटरचे दोन प्रकार पडतात. बाहेरून ते ओळखू येत नाहीत, त्यामुळे कितीतरी धडधाकट मशीन उगाच भंगारात जातात.

पहिल्या प्रकाराला पानाचं वर्णन करणारी भाषा कळते, उदाहरणार्थ पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट. 1984 चा एचपीचा लेझरजेट पीसीएल समजायचा, 1985 चा ॲपलचा लेझररायटर पोस्टस्क्रिप्ट. कॉम्प्युटर फक्त सांगतो की हे अक्षर इथे, ही रेघ तिथपर्यंत. ठिपके मांडायचं काम प्रिंटरमधला प्रोसेसर करतो. म्हणून नेमक्या त्याच मॉडेलचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम) मिळालाच पाहिजे असं नाही. त्याच भाषेचा, जवळच्या मॉडेलचा ड्रायव्हर हाताने निवडला तरी छपाई होते. फार तर ट्रेचे पर्याय नीट दिसणार नाहीत. एक मात्र सांभाळा: पीसीएल 6 ही पीसीएल 5 ची सुधारित आवृत्ती वाटते, पण तिची रचनाच निराळी आहे. फक्त पीसीएल 5 समजणाऱ्या प्रिंटरला पीसीएल 6 चा ड्रायव्हर देऊन उपयोग नाही.

दुसरा प्रकार होस्ट-बेस्ड, म्हणजेच जीडीआय प्रिंटर. इथे सगळं पान कॉम्प्युटरच ठिपक्यांत उतरवतो. 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरले तर, ए4 पानावर साधारण साडेतीन कोटी ठिपके बसतात, म्हणजे चार एमबीहून जास्त डेटा. एचपी लेझरजेट 1020 मध्ये मेमरी फक्त 2 एमबी! त्यामुळे ड्रायव्हर तो डेटा दाबून, कंपनीच्या खास साच्यात पाठवतो. या 1020 ला तर दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअरसुद्धा (प्रिंटर चालवणारा त्याचा आतला प्रोग्राम) कॉम्प्युटरकडूनच घ्यावं लागतं. मशीन स्वस्त पडतं, पण त्याचा जीव ड्रायव्हरमध्ये अडकलेला असतो. विंडोज 11 फक्त 64-बिट आहे. कंपनीने 64-बिट ड्रायव्हर काढलाच नसेल, तर तिथे सरळ वाट बंद.

आपला प्रिंटर कुठला, हे मॅन्युअलमध्ये किंवा प्रिंटरने स्वतः छापलेल्या कॉन्फिगरेशन पानावर बघा. पीसीएल 5ई किंवा पोस्टस्क्रिप्ट दिसलं, अगदी पुढे ‘इम्युलेशन’ (म्हणजे त्या भाषेची नक्कल) लिहिलेलं असलं, तरी पहिला प्रकार. सीएपीटी, एसपीएल, झेडजेस्ट्रीम अशी कंपन्यांच्या खास साच्यांची नावं किंवा जीडीआय एवढंच असेल तर दुसरा. पानामागून पान विचित्र चिन्हं छापली जात असतील आणि पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस दिसत असेल, तर पोस्टस्क्रिप्टचा मजकूर ती भाषा न कळणाऱ्या प्रिंटरकडे गेलाय. मशीन बिघडलेलं नाही, ड्रायव्हर चुकलाय.

होस्ट-बेस्ड प्रिंटरही लगेच टाकून देऊ नका. लिनक्सवर स्वयंसेवकांनी लिहिलेले ड्रायव्हर आहेत: 1020 सारख्यांसाठी फू2झेडजेएस, बऱ्याच सॅमसंग मॉडेलसाठी स्प्लिक्स. रास्पबेरी पायसारख्या, लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर कप्स हा छपाई सांभाळणारा प्रोग्राम बसवून प्रिंटर त्याला जोडला आणि नेटवर्कवर शेअर केला, की नव्या कॉम्प्युटरला कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही. माझ्या मते व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर) जुनं विंडोज सांभाळत बसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला.

आता राहिली केबल. पहिल्या प्रकारच्या प्रिंटरला पॅरलल पोर्ट (यूएसबीच्या आधीची रुंद जोडणी) असेल तर यूएसबी-पॅरलल केबल सहसा चालते. नेटवर्क कार्ड असेल तर तेच वापरा, आणि कॉम्प्युटरवर प्रिंटर जोडताना हे भरा: प्रिंटरचा आयपी पत्ता, पोर्ट 9100, प्रोटोकॉल ‘रॉ’.